प्लगवर ऑइल येतंय? इंजिन उघडण्याआधी हे तपासा

माझ्या चार सिलिंडरच्या गाडीचे स्पार्क प्लग, म्हणजे पेट्रोल पेटवायला ठिणगी पाडणारे भाग, वर्षभरात तीनदा बदलून झाले आणि तिन्ही वेळा तीन नंबरचा प्लग काळा, ओला निघाला. तिसऱ्यांदा गॅरेजमध्ये सांगितलं, "इंजिन गेलंय. बोअर-पिस्टन करावं लागेल." कोकणातल्या देवरुखच्या घरी परत येताना मी पैशांची जुळवाजुळव मनात सुरूही केली होती. मग वाटलं, एवढा खर्च करायचाच आहे तर निदान ऑइल येतं कुठून ते तरी कळू दे. दोन रविवार अंगणात घालवले, आणि शेवटी निघालं काय, तर व्हॉल्व्हच्या दांड्यावरची, ऑइल अडवणारी रबरी सील कडक झाली होती. बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) आणि पिस्टनला काहीही झालेलं नव्हतं.

ज्यांनी नुकतीच गाडी घेतलीय, त्यातही जुनी पेट्रोल गाडी घेतलीय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे. फुकटात होणारी तपासणी आधी, खर्चाची नंतर आणि इंजिन उघडणं सगळ्यात शेवटी. प्लग ओला होणं हा मूळ आजार नाही. ऑइल जिथून आत शिरतंय ती वाट सापडली नाही, तर नवा प्लगही काही दिवसांत तसाच होणार.

काय काय लागेल

प्लग पाना, आतून रबर किंवा चुंबक असलेला. बहुतेक गाड्यांना १६ मिमीचा लागतो, जुन्या गाड्यांना २१ चा, काही नव्या इंजिनांना १४ चा. गाडी बघूनच घ्या. त्याच्यासोबत लांब एक्स्टेन्शन, कॉइलच्या (प्लगला वीज देणाऱ्या भागाच्या) बोल्टसाठी १० चा पाना, फिलर गेज (प्लगची फट मोजायची पट्टी), टॉर्च, सुती फडकं, जुना पेपर, मार्कर आणि सायकलचा पंप. सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या गॅरेजमध्ये मिळतं. मोबाईलला जोडायचा बारीक वायरचा कॅमेरा मिळाला तर फार उपयोगी पडतो.

कागदांमध्ये ओनर्स मॅन्युअल हवं, कारण ऑइलचा ग्रेड आणि प्लगचा नंबर त्यात असतो. सर्व्हिसची जुनी बिलं आणि मागच्या दोन-तीन पीयूसीच्या पावत्याही काढून ठेवा. पीयूसीवर एचसीचा, म्हणजे न जळलेल्या इंधनाचा, आकडा असतो. तो दर वेळी वाढत गेलेला दिसला, तर सिलिंडरमध्ये काहीतरी नीट जळत नाहीये असं समजा.

१. आधी ऑइलची पातळी, तीही सपाट जागेवर

आपल्याकडे सपाट जागा शोधावी लागते. घरापुढचा रस्ता उताराचा, फाटकापाशी चढ. गाडी तिरपी उभी असेल तर डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) चुकीचं दाखवते. सारवलेलं किंवा फरशीचं अंगण बरं. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि मग बघा.

पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल, तर तिथेच उत्तर मिळालेलं असू शकतं. ऑइल जास्त झालं की इंजिनच्या तळाचा फिरणारा क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि तो ब्रीदरच्या (इंजिनमधला वायू सोडणाऱ्या भागाच्या) वाटेने इन्टेकमध्ये, म्हणजे हवा आत जाण्याच्या मार्गात, ओढला जातो. जादा ऑइल काढून टाका, प्लग साफ करून बसवा आणि थोडे दिवस गाडी चालवून बघा. पातळी बरोबर असेल तर आजची तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. गाडी किती ऑइल खाते हे अंदाजाने सांगता येत नाही, नोंदच लागते.

२. प्लग काढताना जांभ्याची धूळ आत जाऊ देऊ नका

इंजिन पूर्ण गार असू दे. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं, खूप तापलेलं असताना प्लग काढला तर आटे जाऊ शकतात. कॉइल काढली की प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारा. आपल्या रस्त्यांची लाल धूळ तिथे हमखास जमलेली असते. प्लग सैल होताच ती थेट सिलिंडरमध्ये पडते आणि जांभ्याचे कण आत जाऊन बोअरवर ओरखडे काढतात. म्हणून पंपाने आधी खड्डा साफ करा आणि मगच पाना लावा.

प्रत्येक प्लग काढला की पेपरवर त्याच्या नंबराखाली ठेवा. बहुतेक आडव्या बसवलेल्या इंजिनांत टायमिंग चेनच्या किंवा बेल्टच्या बाजूचा सिलिंडर एक नंबर धरतात. प्लग एकमेकांत मिसळले तर पुढची सगळी तपासणी वाया जाते.

३. चारही प्लग ओळीने मांडून वाचा

टोकाचा रंग फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सिलिंडर ठीक आहे.

काळी, कोरडी, बोटाला काजळीसारखी लागणारी पूड असेल, तर ते ऑइल नाही. पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर चोक आहे किंवा गाडी फक्त बाजारापर्यंतच चालवली जातेय.

प्लग ओला आहे आणि पेट्रोलचा वास येतोय, थोड्या वेळात वाळूनही जातोय, तर ठिणगीच पडत नसावी. त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावून बघा. मिसिंग (सिलिंडर न पेटल्याने बसणारे झटके) कॉइलबरोबर गेलं तर कॉइल खराब आहे.

काळा, चकचकीत, चिकट थर असेल आणि तो वाळत नसेल, तर ते ऑइल. माझा तीन नंबरचा प्लग असाच होता. फडक्याने पुसला तरी चिनी मातीच्या पांढऱ्या भागावर डांबरासारखा थर राहिला होता. बाकीचे तीन फिकट तपकिरी होते. आधीच्या तिन्ही वेळा प्लग गॅरेजमध्येच बदलले गेले, त्यामुळे हा फरक मी स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

या थराने गाडी मिस का मारते, तेही समजून घ्या. ऑइल अर्धवट जळून कार्बन होतो आणि कार्बनमधून वीज वाहते. दोन टोकांमधल्या फटीवरून उडी मारण्याऐवजी वीज चिनी मातीवरच्या थरावरून सरपटत लोखंडी अंगात जाते. ठिणगी पडत नाही, पेट्रोल न जळता सायलेन्सरकडे जातं आणि तिथलं धूर स्वच्छ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतं. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तशीच दामटू नका. स्कॅनर लावला तर पी ०३०१, पी ०३०२ असे कोड येतात. शेवटचा आकडा सिलिंडरचा.

४. ऑइल वरून सांडलंय की आतून आलंय?

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. कधी कोणी मुद्दाम करतं, कधी ती अज्ञानातून होते. काही इंजिनांत प्लग हेडच्या मधोमध, खोल नळीत बसतो. त्या नळीच्या तोंडाला, टॅपेट कव्हरखाली (हेडवरच्या झाकणाखाली), रबरी रिंग असते. ती कडक झाली की ऑइल नळीत उतरतं, प्लगचा वरचा भाग आणि कॉइलचं रबर ऑइलमध्ये भिजतं, आणि गाडी मिस मारायला लागते. प्लग बाहेर काढला की ऑइलने माखलेला दिसतो आणि समोरचा माणूस म्हणतो, "बघा, इंजिन ऑइल फेकतंय."

तेव्हा प्लगचं टोक बघा. आट्यांच्या वरचा भाग ओला आणि टोक कोरडं, स्वच्छ असेल, तर इंजिनला काहीही झालेलं नाही. टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि नळीची सील बदलली की काम झालं. कॉइलचं रबर फुगलं असेल तर तेही बदला. मात्र प्लग काढण्यापूर्वी नळीतलं ऑइल फडक्याने टिपून घ्या, नाहीतर ते सिलिंडरमध्ये उतरेल आणि तुम्हालाच चुकीचा पुरावा मिळेल.

टोकच ओलं असेल तर पुढे चला.

५. एकच प्लग ओला की चारही?

चारही सारखेच ओले असतील तर कारण सगळ्यांना लागू पडणारं असतं. ऑइल जास्त भरलेलं आहे, मॅन्युअलपेक्षा पातळ ग्रेडचं आहे किंवा ब्रीदर, म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह, अडकलाय. टर्बो गाडी असेल तर टर्बोचं सीलही यात येतं. इंजिनच्या पोटात जमणारा वायू हा व्हॉल्व्ह हळूहळू इन्टेकमध्ये सोडतो. तो उघडा अडकला तर वायूबरोबर ऑइलचे थेंबही ओढले जातात. बंद अडकला तर आत दाब वाढून ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवा. बऱ्याच गाड्यांत तो चांगला असला की खुळखुळतो. थ्रॉटलकडे (हवेच्या झडपेकडे) जाणारा होज काढून आत बोट फिरवा. हलका ओलसरपणा चालतो, ऑइल साचलेलं चालत नाही. बदलायला स्वस्त भाग आहे, म्हणून इंजिनच्या आधी हा बघायचा.

एकच किंवा दोनच प्लग ओले असतील, तर दोष त्या सिलिंडरच्या व्हॉल्व्ह सीलमध्ये, व्हॉल्व्हच्या गाइडमध्ये (दांडा ज्यातून सरकतो ती नळी) किंवा पिस्टनच्या रिंगांत शोधायचा. इथे खर्चात फार मोठा फरक पडतो. सीलचं काम वरच्या वर होतं, रिंगांसाठी बहुतेक वेळा इंजिन उतरवावं लागतं. त्यामुळे पुढच्या दोन पायऱ्यांत घाई करू नका.

६. धूर कधी येतो ते बघा; घाट ही आपली प्रयोगशाळा

माझ्या गाडीचं कोडं इथेच सुटलं. कोल्हापूरहून येताना आंबा घाट उतरलो आणि साखरप्यात चहाला थांबलो. निघताना ॲक्सिलरेटर दिला तसा टपरीवाला म्हणाला, "दादा, मागे निळा धूर काढला हो गाडीने. ऑइल खातेय." आरशात बघितलं तर खरंच, निळसर लोट रस्त्यावर पसरला होता. पुढे देवरुखपर्यंत पुन्हा काही दिसलं नाही.

घाट उतरताना आपण गाडी खालच्या गियरमध्ये ठेवतो आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढतो. थ्रॉटल बंद, पण चाकं इंजिनला फिरवत राहतात. पिस्टन हवा ओढायला बघतो, वाट मात्र बंद असते, म्हणून इन्टेकमध्ये जोरदार ओढ तयार होते. व्हॉल्व्हच्या दांड्यावरची सील कडक असेल तर ही ओढ वरचं ऑइल दांड्यावरून खाली खेचते. अशा वेळी फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोल तोडलेलं असतं, त्यामुळे ते ऑइल जळत नाही, साचत राहतं. खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दिला की एकदम जळतं. आंबा, कुंभार्ली, फोंडा, करूळ, कुठलाही लांब घाट ही परीक्षा घेतो. मागच्या गाडीत एखाद्याला बसवून बघायला सांगितलं तर उत्तम.

दुसरी खूण सकाळची. रात्रभर उभ्या गाडीत हेडमधलं ऑइल सीलच्या फटीतून थेंब थेंब खाली उतरतं. पहिल्या स्टार्टला काही सेकंद निळा धूर येतो आणि मग थांबतो. घाटाखाली आणि सकाळी, दोन्ही वेळा असा धूर येत असेल, तर सीलवर संशय पक्का धरा. फक्त घाटाखालीच येत असेल तर खालची ऑइल रिंगही कारण असू शकते.

घाट चढताना, गाडी भरलेली असताना, सतत निळा धूर येत असेल तर रिंगा किंवा बोअर. पावसाळ्यातल्या सकाळी पांढरी वाफ येते, ती सायलेन्सरमधल्या पाण्याची. इंजिन तापलं की जाते, घाबरू नका. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर तो हेड गॅस्केटचा वेगळा विषय आहे.

एक कळकळीची विनंती. धूर येऊ नये म्हणून घाटात गाडी न्यूट्रल करून उतरवू नका. ब्रेक तापून निकामी होतात. ऑइलपेक्षा जीव महत्त्वाचा.

७. कॉम्प्रेशन टेस्ट: आधी कोरडी, मग ओली

इंजिन कोमट हवं, पूर्ण तापलेलं नको, आणि बॅटरी भरलेली हवी. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, सगळ्या कॉइल सोडवा, चारही प्लग बाहेर काढा. गेज लावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि पाच-सहा फेरे स्टार्टर मारा. चारही आकडे लिहा. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत १५० ते २०० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) दरम्यान येतात, पण तुमच्या इंजिनचा आकडा कंपनीच्या माहितीवरूनच घ्या. सिलिंडरांमधला फरक फार तर १०-१५ टक्के असावा. माझे आले १६५, १७०, १६०, १६५.

एखादा आकडा कमी असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वर चढला तर रिंगा किंवा बोअर, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. चढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत.

कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून रिंगा शंभर टक्के सुटल्या असं मात्र नाही. पिस्टनवर सहसा तीन रिंगा असतात. दाब धरतात वरच्या दोन, ऑइल खरवडून खाली आणते तिसरी. कार्बन बसून ती तिसरी एकटीच अडकली, तर आकडे उत्तम येतात आणि गाडी तरीही ऑइल खाते. म्हणून प्लगच्या भोकातून कॅमेरा सोडून बघा. पिस्टनच्या कडेने गोल, ऑइलने धुतल्यासारखी स्वच्छ पट्टी असेल तर रिंगांकडे लक्ष द्या. पिस्टन सगळीकडून सारखाच कोरडा-काळा आणि व्हॉल्व्हची पाठ ओली असेल तर सील. माझ्या गाडीत इन्टेक व्हॉल्व्हवर ऑइलचा ओघळ स्पष्ट दिसत होता.

८. मिस्त्रीशी बोलताना

नोंदीची वही आणि चारही प्लग सोबत न्या. "इंजिन बघा" असं म्हणू नका. "तीन नंबरचा प्लग ओला येतो, सकाळी आणि घाट उतरल्यावर धूर आहे, कॉम्प्रेशन चारही सारखं आहे" असं सांगा. चांगला मिस्त्री एवढ्यावरून समजून घेतो.

हेड न उतरवता सील बदलता येतात का, हे विचारा. सिलिंडरमध्ये हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरून ठेवतात आणि स्प्रिंग काढून सील बदलतात. सगळ्या इंजिनांत जमतंच असं नाही. स्प्रिंग काढलेली असताना व्हॉल्व्हचा दांडा बोटाने हलवून बघायला सांगा. जास्त खुळखुळत असेल तर गाइड झिजलंय, आणि नुसती सील बदलून ती फार टिकणार नाहीत. एकाच सिलिंडरचा त्रास असला तरी सगळी सील एकदम बदला. वय सगळ्यांचं सारखंच असतं.

जुने भाग परत मागा. माझ्या हातात जुनं आणि नवं सील एकदम ठेवलं होतं. नवं चिमटीत दाबलं की सहज चेपत होतं, जुनं नखाने दाबूनही दबत नव्हतं. त्याच्या आतल्या कडेला भेग होती.

९. काम होईपर्यंत

प्लग साफ करायला ब्रेक क्लीनर आणि मऊ ब्रश वापरा. तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर नको. तारेचे कण चिनी मातीवर राहतात आणि इरिडियम प्लगचं बारीक टोक मोडतं. १४ मिमी आट्यांचा वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवायचा आणि मग पान्याने अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत आवळायचा. वापरलेला असेल तर घड्याळाच्या काट्याने पाच मिनिटांइतकाच.

"गरम नंबरचा प्लग टाका, ऑइल जळून जाईल" (म्हणजे टोक जास्त तापू देणारा प्लग) हा सल्ला बऱ्याचदा मिळतो. तो ऐकू नका. ऑइल येतच राहतं आणि प्लग जास्त तापून पेट्रोल वेळेआधी पेटण्याचा धोका वाढतो, त्यात पिस्टन जाऊ शकतो. शिवाय प्लग कंपन्यांच्या नंबरांचा गोंधळ आहे. एनजीकेमध्ये आकडा कमी तसा प्लग गरम, बॉशमध्ये आकडा जास्त तसा गरम. मॅन्युअलमधलाच प्लग टाका. ऑइलची पातळी दर आठवड्याला बघा आणि कमी झालं तर त्याच ग्रेडचं घाला.

१०. गावी उभ्या राहणाऱ्या गाड्यांबद्दल

कोकणात हे फार होतं. घरचे मुंबईला, गाडी खोपीत, गणपतीला आणि शिमग्याला बाहेर निघते. मधल्या काळात शेजारी बिचारे चांगल्या मनाने आठवड्यातून एकदा स्टार्ट करून पाच मिनिटं चालू ठेवतात. यानेच प्लग खराब होतात. प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सियसच्या वर गेलं की त्यावरची घाण जळते. जागेवर पाच मिनिटांत ते तिथवर जात नाही. थंड इंजिनला पेट्रोल जास्त जातं, आत पाणी सुटतं, ऑइलच्या झाकणाखाली पिवळट लोणी जमतं. शेजाऱ्यांना सांगा, गाडी पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा, नाहीतर स्टार्टच करू नका.

पूर्ण पावसाळा उभ्या राहिलेल्या गाडीत खाऱ्या, दमट हवेने बोअरला गंज धरू शकतो आणि रिंगा अडकू शकतात. अशी गाडी घेताना सकाळी गार इंजिनवरच स्टार्ट करून बघा. तुम्ही पोहोचण्याआधीच मालकाने गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. पुरात बुडालेल्या गाडीची शंका असेल, जशा २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात कितीतरी बुडाल्या, तर डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं आहे का आणि सीटच्या रुळांत गाळ आहे का, ते बघा. ऑइल तसं दिसलं तर स्टार्टर मारूच नका.

सील बदलून झाल्यावर ५०० किलोमीटरने मी पुन्हा चारही प्लग काढले आणि पेपरवर मांडले. तीन नंबरचा प्लग आता बाकीच्यांसारखाच फिकट तपकिरी होता. पहिले काही दिवस सायलेन्सरमध्ये आधीचं साचलेलं ऑइल जळून थोडा धूर येतो, तेव्हा लगेच मिस्त्रीशी भांडायला जाऊ नका. ५०० किलोमीटरनंतर प्लग बघा, १,००० ला डिपस्टिक बघा, आणि दोन्ही आकडे त्याच वहीत लिहा.